ड्रमआधीची शांतता

रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

इकडे सर्व ठीक. तूही मजेत असशील.

हे लिहून झालं आणि माझं मलाच हसू आलं. पत्र म्हटलं की पेन आपणहून ‘सर्व ठीक’ लिहून मोकळं होतं. आता खोडत नाही. असू दे.

तुझा फोन बंद. निरोप ठेवून ठेवून माझी जीभ झिजली. शेवटी तुझ्या त्या वखारवाल्या मित्राला गाठलं, त्याची चांगली बिनपाण्यानं केली, तेव्हा कुठे त्यानं पत्ता दिला. त्याच्यावर चिडू नकोस. माझ्यापुढे भलेभले टिकत नाहीत, तो बिचारा काय टिकणार. तू दिवसभर लाकडं चढवतोस-उतरवतोस, आणि करवतीच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून तुला तिथे बरं वाटतं, एवढंच त्यानं सांगितलं. कानांत बोळे तरी घालतोस ना रे? कान गेले तर या पोरात उरलं काय, असं बाबा म्हणाले असते.

बघ, पहिल्याच पानावर बाबा आले. मी ठरवलं होतं, या पत्रात त्यांना आणायचं नाही.

माझं दुकान चालू आहे. माणसं चष्मा घ्यायला कमी आणि माझ्याकडे बघायला जास्त येतात. त्यांचंही खरं आहे, त्या संध्याकाळनंतर कुणाशी काय बोलावं ते गावात कुणालाच कळेनासं झालंय. बासरीवालीची आई एक दिवसाआड येते. म्हणते, दांडी सैल झालीय, जरा आवळून दे. दांडी अजिबात सैल नसते. मी आपली स्क्रू फिरवल्यासारखं करते, काच पुसते आणि देते. लेकीबद्दल ती बोलत नाही आणि बाबांबद्दल मी. मग ती ‘येते हं’ म्हणते आणि जाते. ती गेल्यावर मला दहा मिनिटं तरी आत जाऊन बसावं लागतं.

तो जो सभागृहात बंदूक घेऊन शिरला, त्याच्याबद्दल मी तुला एक ओळही लिहिणार नाही. पेपरवाल्यांनी त्याची शाळेपासूनची कुंडली मांडली आहे. बासरीवाली औषधांच्या दुकानात काम करून रोज संध्याकाळी तालमीला कशी धावत यायची, ते कुणी छापलं नाही. बाबांचा फोटो छापला, तोही पासपोर्टचा. त्यात ते चोरासारखे दिसतात.

पोलिसांनी सगळ्यांची वाद्यं परत दिली. तुझा मोठा ड्रम माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसलाय. पाहुणाच म्हण ना, पण असा अवाढव्य की तुझ्या भावोजींना दारातून आडवं होऊन आत यावं लागतं. परवा त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मी इतकी ओरडले की शेजारीण धावत आली. नंतर मलाच वाईट वाटलं. भावोजींनी कपाखालचा ओला गोल रुमालानं पुसून काढला.

आता मुद्द्याचं. नऊ नोव्हेंबरला आपला वाद्यवृंद शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम करणार आहे. गेलेल्यांसाठी. बाबांच्या जागी मी उभं राहायचं असं सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात मारलंय. चेलो सोडून हातात छडी घ्यायची म्हणजे मला पहिलीच्या पुस्तकातलं पहिलं पान अडखळत वाचल्यासारखं वाटतं, पण ते माझं मी बघेन. ड्रमवर कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

तू येणार आहेस का? एका ओळीत कळव. ‘हो’ लिहायला फार शाई लागत नाही.

तुझी,
ताई


गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही बाबांचीच मुलगी, चिवटपणा आमच्याकडे पिढीजात आहे. पुन्हा लिहिते.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या मंगळवारी सगळे आले आणि कुणी खोक्यातून वाद्यच बाहेर काढेना. शेवटी क्लॅरिनेटवाली मावशी म्हणाली, “बसलोच आहोत तर निदान सूर तरी लावू या. वाद्यांनी काय पाप केलंय?” मग सूर लावले. बासरीवालीची खुर्ची तशीच मोकळी ठेवली आहे. तिच्या शेजारचा तिच्या खुर्चीवर चुकूनही पिशवी ठेवत नाही.

काय वाजवायचं यावर भांडण झालं. खरंखुरं भांडण, आवाज चढवून. काही जण म्हणाले, त्या दिवशीची रचना पुन्हा कधीही नको. ट्रम्पेटवाला दंतवैद्य, जो एरवी पेशंटला तोंड उघडायला लावतो आणि स्वतः तोंड उघडत नाही, तो उठून म्हणाला, “अर्धी राहिलीय ती. सरांची अर्धी राहिलेली वस्तू आपण अशी टाकून द्यायची?” तीच रचना ठरली.

आणि आता अडलंय ते कुठे, तुला सांगायला नको. सगळी वाद्यं एकदम थांबतात, सगळं सभागृह गप्प होतं, आणि त्या शांततेनंतर एकटा ड्रम. मग त्याच्यामागून आपण सगळे. बाबा त्या शांततेवर जीव टाकायचे. “वाजवायला कुणीही शिकतं, गप्प बसायला शिकायला जन्म जातो,” हे ऐकून ऐकून आपले कान किटले होते. दरवर्षी तू त्यांची ती शांतता मोडायचास. लहानपणी जो एकदा घाईनं ड्रम बडवलास आणि ‘धडाम’ हे नाव पडलं, ते तुला मिशी आली तरी सुटलं नाही.

आता ती शांतता कुणालाच धरता येत नाही. मी हात वर करते, सगळे थांबतात, आणि मी मनात दोन म्हणेपर्यंत कुणीतरी आत येतं. कधी व्हायोलिनवाले, कधी दंतवैद्य. चूक म्हणून नाही रे. गप्प बसवतच नाही त्यांना. एकदा जरा जमत आलं होतं, तर कुणाचा तरी कागद खाली पडला आणि अर्धे लोक उभे राहिले. मावशीच्या नवऱ्याला थोडंफार वाजवता येतं, म्हणून एक दिवस तुझा ड्रम तालमीला नेला आणि त्याला त्यावर उभं केलं. त्यानं बेतानंच ठोका दिला, पण समोर सगळे खाली वाकलेले बघून त्या माणसानं काठी खाली ठेवली आणि हॉलबाहेर निघून गेला. बाहेर पायरीवर बसून रडत होता.

आता म्हणतात, तो भाग गाळू. शांतता नको, ड्रमही नको, सरळ पुढे जाऊ. मी ‘नाही’ म्हटलं. का, ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही. मी नुसतीच चिडले.

तुला मात्र सांगते. ड्रम कोण वाजवणार हे त्यांना माहीत असलं ना, तर ते गप्प बसतील. इतकी वर्षं ते तुझ्या भरवशावर गप्प बसले. घाई केलीस तरी तूच करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला म्हणालास, “ताई, त्यांनी माझ्याकडे बघितलं.” मी तुला काहीच उत्तर दिलं नाही. तेव्हा कुणाला शुद्ध होती? दुसऱ्या दिवशी तू गावात नव्हतास. त्या वाक्यावर मला काही बोलायचं आहे, पण आज नाही. आज दुकानात माणसं थांबलीत.

ये रे. तुझ्या आवडीचं काहीतरी करून घालीन. भावोजी तर ड्रमशी बोलायला लागलेत. सकाळी उठून त्याला विचारतात, “काय साहेब, आलं का पत्र?”

तुझी,
ताई


बुधवार, ३० ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं सगळं इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल. ‘ताई, बाबांनी शेवटचं बघितलं ते रागानं. ते माझ्यावर चिडून गेले. आणि मी ड्रममागे लपलो. मला बोलावू नकोस.’

दुकान बंद केलंय. भावोजींना सांगितलंय, चहासुद्धा आणू नका. आता लिहिते. हे मी पोलिसांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, भावोजींनासुद्धा नाही.

आधी हे, की हो, बाबांनी तुझ्याकडे रागानं बघितलं. मी खोटं लिहिणार नाही, माझं खोटं तुला लांबूनही कळतं. शांतता होती, आणि तो आवाज झाला, आणि आपण सगळ्यांनी मान वळवून तुझ्याकडे बघितलं. मीसुद्धा. मी मनात म्हटलं, केलं यानं, आजच्या दिवशीसुद्धा केलं! दुसरी कुठली माणसं असती तर त्यांनी दाराकडे बघितलं असतं. आपण ड्रमकडे बघितलं. आपल्याला दुसरं काही सुचलंच नाही. बंदुकीचा आवाज आपल्यातल्या कुणी कधी ऐकला होता? धाकट्याची घाई मात्र रोज ऐकत होतो.

पण तिथेच संपलं नाही ते. तुला वाटतं तिथे संपलं, कारण त्यानंतर तू खाली होतास.

तू एकटा उभा होतास, सगळ्यांच्या मागे, उंचावर. बाबांची पाठ दाराकडे. त्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. तुला दिसलं. मी तुझ्याकडे बघतच होते, तुझ्या काठ्या खाली होत्या, आणि तू बाबांच्याही पलीकडे कुठेतरी बघत होतास. तुझा चेहरा मी इथे लिहीत नाही. मग मी बाबांकडे बघितलं. त्यांचा राग गेला. माझ्यादेखत गेला रे. कपाळावरची ती उभी आठी उतरली. तुझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं.

आणि मग त्यांनी डावा हात पुढे केला. पालथा. आणि खाली नेला.

‘हळू’ म्हणायचे ना, तोच हात. ‘हळू, अजून हळू, अजून.’ तोंडानं ते एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर पळापळ झाली असती, दारात चेंगरलो असतो आपण. त्यांनी तो हात केला, आणि वर्षानुवर्षं त्या हाताचं ऐकणारी माणसं त्या हाताबरोबर खाली गेली. मान, खांदे, सगळं खाली. का वाकतोय हे अर्ध्यांना ठाऊकही नव्हतं. बासरीवाली पहिल्या रांगेत होती, पण तिची मान अजून मागेच वळलेली होती, तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. बाकी सगळे आज तालमीला येतात ते त्या हातामुळे.

आणि हात खाली नेताना ते पूर्ण वेळ तुझ्याकडे बघत होते. रागानं नाही. तू लहान असताना तुला जिन्यावरून उतरवताना बघायचे, तसं. तू खाली गेलास, ड्रमच्या वर तुझं डोकं दिसेनासं झालं, तेव्हा कुठे ते वळले. कार्यक्रम चालू असताना ते जन्मात कधी वाद्यवृंदाकडे पाठ करून उभे राहिले नव्हते. त्या दिवशी वळले, आणि हात पसरून दाराकडे तोंड करून उभे राहिले. पुढचं तुला माहीत आहे.

तू लपला नाहीस. त्यांनी तुला खाली बसवलं आणि तू बसलास. आयुष्यात पहिल्यांदा तू त्यांचा हात वेळेवर पाळलास, गाढवा.

हे मीच एकटीनं का बघितलं? कारण मी वाकलेच नाही. चेलो गुडघ्यांत धरलेला माणूस पटकन वाकू शकत नाही. मी तशीच ताठ बसून राहिले, त्यांच्या अगदी उजव्या हाताशी. हात लांब केला असता तर त्यांच्या कोटाला लागला असता.

आता हे तुला आधीच का नाही सांगितलं, ते. सांगायचं टाळत होते. ड्रम, चहाचा कप, मावशी, सगळं लिहीत बसले, पण हे नाही. माझा जळफळाट होत होता रे. मी त्यांच्या इतक्या जवळ होते, मी वाकलेही नव्हते, मला काहीही होऊ शकलं असतं. आणि ते तुझ्याकडे बघत होते. शेवटपर्यंत तुझ्याकडेच. त्यांनी माझ्याकडे एकदा तरी बघायला हवं होतं. तू तिकडे ‘बाबा माझ्यावर चिडून गेले’ म्हणून कुढत होतास, आणि मी इथे तुझ्यावर जळत होते. वाटायचं, आपल्याजवळचं हे एवढं याला कशाला द्यायचं. लाज वाटते, पण आहे हे असं आहे. तुझं कार्ड वाचलं आणि मग राहवलं नाही.

घे. तुझं होतं, तुला दिलं.

नऊ तारखेला मी त्या शांततेत हात वर धरून उभी राहीन आणि तुझ्याकडे बघेन. तू तिथे नसलास तर रिकाम्या ड्रमकडे बघेन. भाग गाळणार नाही, एवढं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय.

तुझी,
ताई


रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

बाजूच्या दारानं आलास, बाजूच्याच दारानं गेलास. टाळ्या संपायच्या आत. मी हॉलभर तुला शोधत होते, आणि तू तोवर बसमध्ये बसलाही असशील. तुझा मित्र फोनवर म्हणाला, परत आल्यापासून तो कुणाशी बोलत नाही, जेवतही नाही. ‘मी त्यांचा कार्यक्रम घालवला,’ एवढंच म्हणाला म्हणे.

तर आता नीट बस आणि ऐक.

तू आत आलास तेव्हा मी छडी उचललेलीच होती. तुझ्या जाकिटाला भुसा लागलेला होता. तू ड्रममागे जाऊन उभा राहिलास आणि सगळ्यांच्या पाठी सैल झाल्या. पुढून बघणाऱ्याला ते दिसतं. मग त्यांनी जे वाजवलं ते तालमीत एकदाही वाजवलं नव्हतं.

आणि ती जागा आली. मी हात वर केला, सगळे थांबले. कुणी घाई केली नाही. कुणी मागे वळूनही बघितलं नाही. बाहेरून एक गाडी गेली, कुणीतरी खोकलं, तरी कुणी हललं नाही. तू काठी उचललीस. मी तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे. आणि तुझा हात खाली येईना.

मी थांबले. माझा खांदा भरून आला, तरी थांबले. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काठी तिथेच. मग मला मावशीनं घेतलेला श्वास ऐकू आला आणि मी सगळ्यांना आत यायची खूण केली. ते ड्रमशिवायच आत आले आणि रचना शेवटपर्यंत नेली. तू काठ्या खाली घेऊन उभा राहिलास, पण उभा राहिलास.

कार्यक्रमानंतर आम्ही खुर्च्या आवरत होतो. दंतवैद्य म्हणाला, “धडाम चुकला.” मावशी म्हणाली, “चुकला म्हणजे! सपशेल चुकला.” आणि कोण आधी हसलं कुणास ठाऊक, पण सगळे हसायला लागलो. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. मग मावशी खुर्ची तशीच हातात धरून रडायला लागली, मग सगळेच. बासरीवालीची आई मागच्या रांगेत बसली होती, ती पुढे आली आणि आमच्यातच येऊन उभी राहिली.

तेव्हा हो, या वेळी चूक तुझीच. दुसऱ्या कुणाची नाही, तुझीच, बाबांनी रागानं बघितलं असतं तशी. डोळे वटारण्यासारखी, तालमीत कान उपटण्यासारखी, साधी, सरळ चूक. आणि त्यानं काहीही झालं नाही. तू चुकलास, आणि आम्ही सगळे आपापल्या पायांनी घरी गेलो.

मंगळवारी तालीम आहे. ती जागा पुन्हा घ्यायची आहे, नीट बसेपर्यंत. ड्रम आता मी हॉलवरच ठेवलाय, भावोजींना दारातून सरळ आत येता येतं म्हणून ते हळहळतायत. उशीर करू नकोस, आणि ते जाकीट झटकून ये.

पत्राच्या शेवटी बाबा लिहायचे तो शब्द लिहायला माझं पेन अडत होतं. पण आता घरात मोठी मीच, तेव्हा लिहायला हवा.

आशीर्वाद.

ताई